गोल न करणारी रेणू आडे

रेणूनं बंजाऱ्यांच्या तांड्यावर, घरी फोन लावला की तो आधी तिच्या बाच्या, भाऊसिंगच्या हातात जायचा. पण बोलायचे दौलतसिंग काका. भावाच्या हातून फोन ओढून घेत ते राम राम व्हायच्या आत विचारत, "किती मारले वं?"

"एकही नाई, काका."

"मंग तिथं करून काय राह्यली?"

नागपूरच्या एका क्लबकडून रेणू पगारावर फुटबॉल खेळत होती, मैदानाच्या अगदी मधोमध. मागून बॉल येतो, पुढे जातो, मधले दोन क्षण तो आपला असतो, हे फोनवर कसं सांगायचं? काकांच्या लेखी खेळ म्हणजे गोल. शेलूबाजारच्या फाट्यावर त्यांनी हौसेनं तिचा फ्लेक्स लावला होता. कुण्या परदेशी खेळाडूच्या धडावर रेणूचा चेहरा, हवेत उडालेला पाय आणि खाली मोठ्या अक्षरांत 'गोलांची राणी'. सुट्टीत घरी जाताना तिनं तो पाहिला आणि गाडीतून उतरायच्या आधी ओढणी नाकापर्यंत ओढली.

मधली जागा तिनं मागून घेतलेली नव्हती. आईबाप ऊसतोडीला जात तेव्हा ती आश्रमशाळेत राहायची. तिथे बॉल एकच, आणि थोराड पोरी गोलच्या तोंडाशी ठाण मांडून असत. उरलेली जागा पळापळीची. तिथे नव्या पोरीला ढकलायचं, असा रिवाज. पुढे रेणू जुनी झाली. तिला पुढे सरकायला कुणी अडवलं नसतं, पण तोवर तिला त्या जागेचं वेड लागलं होतं. टोकाला उभं राहिलं की मैदान एकाच बाजूला दिसतं. मधे उभं राहिलं की ते चहूबाजूंनी अंगावर येतं.

चहूबाजूंनी पाहणं मात्र ती बाकडून शिकली. ऊसतोड सोडल्यावर भाऊसिंग फाट्यावर काळीपिवळी जीपमध्ये सीटा भरायचं काम करू लागला. एसटी थांबायच्या आत त्याला कळायचं, कोण मंगरूळचं, कोण कारंज्याचं. थैली कशी धरली, मान कुठे वळली, एवढ्यावरून. "मानूस इचारायच्या आंधी त्याले गाडी दाखवा लागते," तो म्हणायचा. ट्रकांच्या हॉर्नवरून त्याची हाक पलीकडच्या हॉटेलापर्यंत जायची: "कारंजाऽ कारंजा!" घरी मात्र तो अगदी गप्प असायचा. आवाज जणू फाट्यावरच ठेवून यायचा.

सुट्टीत त्याच्याजवळ उभी राहून रेणूची मान तशीच फिरू लागली. पुढे क्लबमध्ये बाकीच्या मुलींना बॉल येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायला शिकवावं लागलं, तेव्हा तिला नवल वाटलं. न बघता माणूस उभा तरी कसा राहतो?

पास नीट गेला की टाळ्या पुढचीला, चुकला की शिव्या आपल्याला. सुरुवातीला हे तिला लागायचं. मग लागेनासं झालं, कारण टाळ्यांच्या आधी एक क्षण असतो आणि तो फक्त तिचा असतो. पायातून बॉल सुटताना हलकासा आवाज येतो. समोरची पोर अजून वळलेलीही नसते, आणि बॉल मात्र ती जिथे पोहोचणार आहे तिकडे निघालेला असतो. त्या क्षणी पुढे काय होणार हे मैदानावर एकट्या रेणूला ठाऊक असतं. त्या सुखासाठी ती मैलोन् मैल पळायला तयार होती.

पण सुखाची नोंद फळ्यावर होत नाही. हंगामातला शेवटचा सामना तोंडावर आला तेव्हा कोच ज्योत्स्ना मॅडमनी तिला बाजूला घेतलं. जिंकलं तर क्लब वरच्या लीगमध्ये जाणार होता.

"रेणू, तुझा करार या सामन्याबरोबर संपतोय. पुढच्या वर्षी मला मधून गोल काढणारी कुणीतरी हवी. क्लबही तेच म्हणतोय."

"उद्या खेळू ना, मॅडम?"

"खेळ. ते बघून ठरवते."

रेणूनं त्या रात्री फोनवर घरी कराराचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "बा, एकदा येऊन पाहून जा." मनात होतं, कदाचित ही शेवटचीच वेळ.

तिचा भाऊ बादल याच्या गाडीत माणसं कोंबून तांडा समृद्धी महामार्गावरून नागपूरला आला. दुपारच्या उन्हात स्टेडियम जवळजवळ रिकामं होतं. अख्ख्या स्टँडमध्ये एकच घोळका भरगच्च: पुढे दौलतसिंग काका, शेजारी भाकरीचं गाठोडं मांडीवर घेतलेली तिची याडी, म्हणजे आई, ललिताबाई, आणि टोकाला हात बांधून बसलेला भाऊसिंग.

समोरच्या संघानं एक धिप्पाड मुलगी रेणूच्या मागेच लावून दिली होती. रेणू एका स्पर्शात बॉल घ्यायची, दुसऱ्या स्पर्शात द्यायची. रिकाम्या स्टेडियममध्ये काकांचा शब्द न् शब्द मैदानात ऐकू येत होता.

"पुन्ना दिला! अवं, तुह्याजवळ आला तं ठेव ना! वाटून कायले राह्यली, परसाद हाये काय?"

विंगवर खेळणारी गडचिरोलीची सगुणा तोंडावर हात धरून हसली. "दीदी, मला मिळतो तो प्रसादच आहे का?"

"घे गुपचूप," रेणू म्हणाली. तिचे कान तापले होते.

अर्ध्या वेळेपर्यंत गोल नाही. मॅडम बाकीच्या पोरींनाच सूचना देत राहिल्या.

सामना संपत आला. फळ्यावर अजून शून्य–शून्य. मागून बॉल येत होता तेव्हा रेणूनं खांद्यावरून पाहिलं: धिप्पाड पोर थकून दोन पावलं लांब राहिली होती. बॉल पायाला लागायच्या आत रेणू वळलेली होती. समोर मोकळं मैदान. ती निघाली.

घोळका उठून उभा राहिला. "मार! मार वं रेणू!" काका, काकू, बादल, शेजारपाजार. आणि त्या सगळ्यांवरून एक हाक आली, हायवे पार करून जाणारी, तिनं घरात कधीच न ऐकलेली: "माऽर!" भाऊसिंग कठड्याला धरून ओरडत होता.

गोल समोर होता. मारला आणि गेला, तर करारही झाला, काकांचं तोंडही बंद झालं. रेणूनं पाय मागे घेतला. खरंच मारायचं होतं तिला.

पण 'मार' हा शब्द मैदानावर सगळ्यांनाच कळत होता. गोलकीपर हात फैलावून पुढे झेपावली. सगुणाला चिकटलेली बचावपटू तिला सोडून रेणूच्या पायांवर धावली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून रेणूला सगुणा दिसली, एकटी, मोकळी. मागे गेलेला पाय खाली आला आणि बॉल आडवा सरकला, अगदी हळू.

रिकाम्या जाळ्यात तो सारताना सगुणाला धावावंही लागलं नाही.

स्टँडमध्ये माना उंचावल्या. मग काका: "कोनं मारला?"

शिट्टी वाजली तेव्हा क्लब वरच्या लीगमध्ये गेला होता. पोरी एकमेकींवर कोसळत होत्या. रेणू कठड्याशी आली. काका तिथे कमरेवर हात ठेवून उभेच.

"तुह्यासमोर होता गोल! दिला कायले?"

"काका, तुमी सारे मार मार म्हनून वरडले ना? त्या दोघींले वाटलं, मी मारतोच. दोघी माह्याकडं पळाल्या, म्हनून सगुणा मोकळी झाली."

काकांनी यावर विचार केला. चेहरा हळूहळू फुलला. "मंजे गोल आमच्या बोंबलन्यानं झाला?"

"आर्धा तरी."

"आयकलं काय बे! गोल आमी केला!"

"तुमी केला," ललिताबाई गाठोडं सोडत म्हणाली, "मंग पोरीनं का माशा मारल्या?"

"तिनं..." काका अडले. मग छाती फुगवून म्हणाले, "तिनं देल्ला ना!"

ज्योत्स्ना मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. "पाय उचलून शेवटच्या घडीला बाजूला बघायचं, हे मी शिकवलं नाही तुला."

रेणू मोज्यावरची माती झटकू लागली.

"या आठवड्यात ऑफिसला ये. करार पुढे चालवू. मधेच खेळशील."

"अन् गोलाचं, मॅडम?"

"गोल करणाऱ्या मिळतात गं," मॅडम म्हणाल्या. "या मंडळींना मात्र दर सामन्याला आण."

भाऊसिंगचा घसा बसला होता. त्यानं फक्त हात पुढे केला. तो धरून रेणू कठडा ओलांडून आपल्या माणसांत गेली. काकांनी तिला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, त्यांना जमलं नाही, मग बादलनं उचललं. खाली सगुणा जर्सी फिरवत पळत होती, तिच्या मागे सगळा संघ. रेणूनं दोन्ही हात वर केले आणि पोटातून ओरडली.