मेंढरांचा आकडा

बीडला बसस्टँडमागे माझा क्लास आहे. पाटीवर लिहिलंय, 'मुलाखतीची पक्की तयारी'. ती पाटी उतरवावी असं हल्ली रोज वाटतं, पण पोट आडवं येतं.

स्वप्ना तिथं सात महिने येत होती. कपिलधारच्या डोंगराकडच्या मेंढपाळाची पोर, पशुसंवर्धनाची पदविका पहिल्या वर्गात काढलेली. तिचा बाप म्हाळू गुडघ्यांनी पार बसलेला. कळपामागं चालणं त्याला यापुढं जमणार नव्हतं. दुसरं कमावणारं घरात कोणी नाही. एका खासगी शेळी-मेंढी फार्मवर पर्यवेक्षकाची जागा निघाली, तेव्हा सगळं घर त्या एका मुलाखतीकडे डोळे लावून बसलं.

सुरुवातीला ती टेबलाकडे बघून बोलायची. "टेबल नोकरी देणार आहे का गं?" असं मी चिडवायचो. शेवटी शेवटी मी चुकलो तर मलाच टोकायला लागली. फार अभिमान वाटायचा मला. तिचा कमी, स्वतःचाच जास्त.

मुलाखतीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत तीन साहेब. रोग, लसी, चारा, सगळं ती फाडफाड सांगत होती. दारातून आवाज खणखणीत ऐकू येत होता. मग एकानं सहज विचारलं, "घरी मेंढ्या किती आहेत?"



"हायत, साहेब. देवाच्या दयेनं."

"अहो, पण किती?"

"हायत पुरेशा." आवाज पुन्हा टेबलाकडे गेला होता.

कोणीतरी हसलं. "घरच्या मोजता येत नाहीत, आमच्या काय मोजणार?" पाच मिनिटांत ती बाहेर आली. जागा गेली होती.

मी भडकलो. "एवढं साधं उत्तर! सांगितलं का नाहीस?"

"सर, आमच्यात आकडा सांगत न्हाईत. भायरच्याला सांगितला की कळपाला दिष्ट लागती. आय बी तोंडानं मोजत न्हाई, नजरंनंच बघती." मग हळूच म्हणाली, "आता आबाचं काय व्हईल ओ सर?"

सात महिन्यांत मी तिला शेकड्यांनी प्रश्न विचारले, हा एक विचारला नाही. घरची मेंढरं म्हणजे पुस्तकाबाहेरचं, असंच मी धरून चाललो होतो. लाज वाटली मला.

एकटीनं घरी जायची तिची हिंमत होईना, म्हणून एसटीनं मी सोबत गेलो. अंगणात मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळून ठेवलेली. तिची आई दगडाबाई लेंड्या झाडत होती. म्हाळूनं मला बसायला घोंगडी टाकली.

"सकाळीच यापारी येऊन गेला, सर. समदी दिली. पोरगी पास व्हनारच, मग थांबायचं कशाला? तुमीच म्हनला व्हता, शंभर टक्के."

म्हणालो होतो. दोनदा म्हणालो होतो.

स्वप्नानं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "न्हाई झालं, आबा. मेंढरं किती, म्हून इचारलं त्यांनी. म्या न्हाई सांगितलं."

म्हाळू गुडघा चोळू लागला. "बराबर केलंस," तो म्हणाला. मग रिकाम्या अंगणाकडे बघत त्यानं, माझ्यासारख्या परक्यासमोर, आकडा तोंडातून काढला.

"चौऱ्याऐंशी व्हती, सर. आता सांगाया कशाचं भ्याव?"