दोन खाती आणि कंपाउंडरमामा

या दुष्काळात नगर जिल्ह्यातली दोन सरकारी खाती एकमेकांशी बोलली असतील, तर ती फक्त आमच्या कंपाउंडरमामांच्या तोंडून बोलली, हे मी कुठल्याही सभेत उभं राहून सांगायला तयार आहे. मामा माझे नात्याने कुणी नव्हते. तालुक्याच्या दवाखान्यात खिडकीमागे बसून ते लाल औषध बाटल्यांत ओतत, गोळ्यांच्या पुड्या बांधत, आणि सगळा तालुका त्यांना मामा म्हणे. मी विशीतला, पत्रकं काढणारा. मला 'पुढारी' म्हणणारे तेवढे एकटेच, तेही मुद्दाम चारचौघांत.

त्यांची रोगी तपासायची रीत दवाखान्याच्या कुठल्याच नियमात बसत नसे. मुळात रोगी तपासणं हे त्यांचं कामच नव्हतं, पण डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन माणूस खिडकीशी आला की मामा आधी विचारत, "जेवलास का?" तो हो म्हणाला की पुढचा प्रश्न, "कुणासंगं?" आणि या दुसऱ्या प्रश्नावर जो गप्प झाला त्याला बाजूच्या बाकावर बसवून ठेवत. एकदा एका बाईच्या केसपेपरवर, तक्रारीच्या रकान्यात, त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'घरचे हिचं ताट येगळं मांडतात.' डॉक्टरांनी लाल शाईने काट मारली आणि वर लिहिलं, 'हा रोग नाही.' पुढच्या आठवड्यात मामांनी तीच ओळ पुन्हा लिहिली. डॉक्टरांनी पुन्हा काट मारली. असं पाच आठवडे चाललं. सहाव्या आठवड्यात बाईच्या सासूलाच मामांनी खिडकीशी बोलावलं आणि काय सांगितलं देव जाणे, पण ताट एकत्र आलं. मामांनी केसपेपरवर लिहिलं, 'उतार पडला.' त्यावर मात्र डॉक्टरांनी सही केली.

भिवा गवंडी त्या बाकावरचाच. पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळातून तो बरा होऊन आला होता. आजारात त्याला चुलीखालून कुणीतरी बोलतंय असं वाटे, म्हणून एके दिवशी त्याने पेटती चूल उखडून अंगणात फेकली. बायको रखमा लेकीला काखेत मारून काष्टीला माहेरी गेली ती गेलीच. आता तो गोळ्यांवर नीट होता, दुष्काळी कामावर खडी फोडत होता, आणि त्याला एवढंच हवं होतं, की रखमा घरी यावी. अडचण अशी, की दवाखाना उघडे सकाळी आणि कामावर हजेरीही सकाळीच. गोळ्यांना गेला की मुकादम नाव कापी, कामाला गेला की गोळ्या संपत, आणि गोळ्या संपल्या की चूल पुन्हा बोलू लागे. मी तावातावाने दोन्हीकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, "त्याचं काम नि त्याची बायको आमच्या खात्यात येत नाही." नगरच्या समाजकल्याणवाल्यांनी सांगितलं, "आजारी आहे ना? मग आरोग्याकडे जा."

मामा म्हणाले, "मानूस एकच, खाती दोन. मधल्या फटीत पडला की कुनाच्याच वहीत घावत न्हाई." मग ते भिवाच्या गोळ्यांची खाकी पिशवी हँडलला अडकवून सायकलवर बसले आणि दर शुक्रवारी भर ड्यूटीत खडीच्या कामावर जाऊ लागले. शनिवारी काष्टीच्या बाजारात. तिथे रखमा लसूण विकायला बसे. मामा पावशेर लसूण घेत आणि तराजूकडे बघत म्हणत, "भिवाचा ढीग ह्या आठवड्यात कमरंएवढा झाला."

"मी इचारलं का?" रखमा म्हणे.

"तुला कुटं सांगतोय? लसनाला सांगतोय."

"लसूण भैरा हाय. उगा कान नका खाऊ त्येचे."

मी एकदा सोबत होतो. न राहवून मी तिला स्त्रीचं कर्तव्य, समाजाची जबाबदारी आणि व्यवस्थेचा नाकर्तेपणा समजावून सांगितला. तिने लसूण माझ्यासाठी दुप्पट भावाने मोजला.

पत्रकाचा घोळ याच दिवसांत झाला. 'झोपी गेलेल्या सरकारा, ऊठ' या मथळ्याचं पत्रक मी छापून घेतलं आणि रोग्यांत वाटायला गठ्ठा मामांच्या खिडकीत ठेवला. दवाखान्यात पुड्यांचा कागद संपलेला. मामांनी माझ्या पत्रकाच्या पुड्या बांधल्या. मी संतापलो, तर शांतपणे म्हणाले, "कागद लई दणकट हाय पुढारी. तुज्या लिवन्यातला येवडा गुण मी मान्य करतो." त्या शुक्रवारी कामावर नगरहून मोठ्या साहेबांची तपासणी आली आणि भिवाच्या हातात पुडी. आत झोप आणणारी गोळी, बाहेर जागं व्हायची हाक. मामा ड्यूटी सोडून तिथे, हा दुसरा गुन्हा. आठवड्यात बदलीचा हुकूम आला, भंडारदऱ्याकडच्या डोंगरातल्या दवाखान्यात. मी साहेबांसमोर उभा राहून म्हणालो, "पत्रक माझं आहे. शिक्षा मला करा."

"पत्रक तुमचं असेल," ते म्हणाले, "पुडी कुणाची?"

हुकूम कायम राहिला. मामांनी जाताना मला शिव्यासुद्धा दिल्या नाहीत, त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खिडकीतून खाकी पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "शुक्रवारचं बघ. आनि बोलू नको जास्त."

शुक्रवारचं मी बघू लागलो. शनिवारी काष्टीला जायचा मात्र धीर झाला नाही. चौथ्या शनिवारी गेलो. रखमाने माझ्या मागे पाहिलं, मग माझ्याकडे. "मामा कुटं हायत? तीन बाजार झालं."

मी सांगितलं. तिने हातातली लसणाची गड्डी टोपलीत टाकली. "मंग ढीग केवडा झाला, त्ये कोन सांगनार?"

मला ढिगाचं काही ठाऊकच नव्हतं. पुडी द्यायची नि निघायचं, एवढंच मी करत होतो.

"मंग मलाच बगाया लागंल," ती म्हणाली, आणि लेकीला हाक मारून टोपली उचलली.

ती आली, राहिली. अंगणात भिवाने नवी चूल घातली. मामांना मी चार पानी पत्र लिहिलं, फाडलं, आणि कार्डावर फक्त 'रखमा आली' असं लिहून टाकलं. उत्तर आलं नाही. डोंगरातलं टपाल उशिरा पोचतं म्हणतात. दवाखाना आणि समाजकल्याण यांना जोडणारा एक तरी माणूस तालुक्याला द्या, असे अर्ज मी आता पत्रकं सोडून करत असतो. दोन्ही खात्यांकडून एकच उत्तर येतं, अशी जागा मंजूर नाही. खरंच आहे, ती कधीच मंजूर नव्हती.

भिवा ठीक आहे. शुक्रवारी मी कामावर पोचलो की तो हातोडा खाली ठेवतो, गोळ्या घेतो, आणि मी पुढ्यात उभा असताना माझ्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे बघतो. मीही वळून बघतो.