फोटो फक्त कुत्रीचा

शिवणकाम करणाऱ्या ताईंनी प्राण्यांच्या संस्थेतली एक लंगडी कुत्री घरी पाळायला पसंत केली. तिथल्या मॅडमनी लगेच मोबाइल उचलला.

"हसा! नाव-पत्त्यासकट आमच्या पेजवर टाकते."

"अजिबात नाही," ताई म्हणाल्या. मारकुट्या नवऱ्याला सोडून आलेली धाकटी बहीण त्यांच्याकडेच राहत होती आणि तो तिचा माग काढत होता.

"अहो, सगळेच देतात."

"घर बघायला खुशाल या. पण माझा पत्ता चव्हाट्यावर मांडायचा नाही. आणि कुत्री घेतल्याशिवाय मी हलणारही नाही." ताईंनी बाकावर ठाणच मांडलं.

"भलत्याच हट्टी हो तुम्ही!" मॅडमनी शेवटी हात टेकले.

घर पाहून झाल्यावर पेजवर एकट्या कुत्रीचा फोटो आला. तोवर ती बहिणीच्या पायाशी गाढ झोपली होती.