नाक्यावर उघडलेला गणपती

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं आळीपाळीने विचारत होतात, "आजी, तिथे सगळं ठीक आहे ना? इथे बातम्यांत फार वाईट दाखवतायत." डिसेंबरची तिकिटं रद्द करावीत का, हा खरा प्रश्न होता, आणि तो तुम्ही मोठ्या सभ्यपणाने मागे ठेवलात. मी त्या वेळी चंदीगडच्या याच अंगणात उन्हात बसून मटार सोलत होते. "ठीक आहे" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर उठून फाटकाची कडी पाहून आले. तुम्ही विचारण्याआधी मला ती आठवलीही नव्हती. तेव्हापासून एक जुनी गोष्ट डोक्यातून जात नाही. तुमच्या आईला ती तीन वाक्यांत सांगायची सवय आहे, म्हणून मी लिहिते आहे.

ती पंजाबातली दहशतवादाची, वाईट वर्षं होती. तुमची आई अकरावीत होती. आजोबा इथल्या वैद्यकीय संस्थेत संशोधन करत होते. बसमध्ये चढलं की आधी सीटखाली वाकून बघायचं, रस्त्यात पडलेला डबा, पिशवी, रेडिओ कशाला हात लावायचा नाही, हे आम्ही दात घासण्याइतक्या सवयीने करत होतो. तुमची आई मोपेडवर क्लासला जायची. तिच्या मोपेडचा आवाज मला कोपऱ्यापासून ओळखू यायचा, आणि तो येईपर्यंत मी काही ना काही आवरत असे. त्या वर्षांत आमच्या घरातले डाळींचे डबे जितके नीट लावलेले होते तितके पुन्हा कधी नव्हते.

मे महिन्यात साताऱ्याला माझ्या भावाकडे गेलो होतो. तो रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचा आणि घडी घालताना म्हणायचा, "पोरीला तिकडे ठेवताय म्हणजे तुमची कमाल आहे." तिथे ओसरीवर बसून पंजाब म्हणजे एक सलग पेटलेली जागा वाटायची. चार दिवसांत आम्हालाही तसंच वाटू लागलं. त्याने कॉलेजात जागेची सोय केली आणि ठरलं: गणपती झाले की पोरगी मामाकडे.

चंदीगडला परत आलो तर शेजारच्या सरदारणीने फाटकातूनच विचारलं, आंबे आणलेत की नुसत्याच आलात? भाजीवाला तोच, अमलताशची, म्हणजे आपल्या बहाव्याची, पिवळी झुंबरं तशीच. साताऱ्यातला निर्णय इथे कुणा दुसऱ्याच घराचा वाटायला लागला. आजोबा म्हणाले, "आपण जिथे बसतो तिथलं बोलतो." पण मामाला नाही म्हणायचं धैर्य दोघांनाही होत नव्हतं, कारण त्याच आठवड्यात पुन्हा एक बातमी यायची. ठेवावं की पाठवावं, दोन्ही उत्तरं मला दिवसातून दोनदा पटायची.

गणपतीची मूर्ती तेव्हा इथे आपल्या पद्धतीची मिळत नसे. चंदीमंदिर छावणीत माझी एक मैत्रीण होती, लष्करी अधिकाऱ्याची बायको. ती रजेवरून परतताना पुण्याहून आमच्यासाठी शाडूची मूर्ती घेऊन आली, सगळ्या प्रवासात बर्थवर स्वतःच्या उशाशी ठेवून. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही मायलेकी मोपेडवर ती आणायला गेलो. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, आत भाताचं तूस, मूर्ती पाटाला तारेने घट्ट बांधलेली, आणि तोंडावर मी नेलेला इस्त्रीचा पांढरा रुमाल.

"वहिनी, रुमाल घरी गेल्यावरच काढा बरं का," मैत्रीण म्हणाली.

"हे तुम्ही मला सांगताय?" मी म्हणाले.

वाटेत पंचकुल्याला फुलांसाठी थांबलो. डबा मोपेडच्या सीटवर होता आणि आम्ही दोघी झेंडू निवडत होतो. पुढे चंदीगडच्या हद्दीत शिरताना नाका होता. वाळूची पोती, आडवे लावलेले ड्रम, रायफली. एरवी बायकांना हात दाखवून पुढे सोडत. त्या दिवशी एका शिपायाने माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बोट केलं.

"बीबी जी, की है एहदे विच?"

"गणपती. मूर्ती है, भाईसाहब."

त्याने झाकण उचललं. तूस, आणि तुसात पांढऱ्या कापडाने गुंडाळलेलं काहीतरी. "मुंह क्यों ढका है? नई दुल्हन है?" मागचे दोघं हसले. मीही हसले. तो रुमालाकडे हात नेऊ लागला तशी मी डबा मागे ओढला. "घर जाके ही खोलते हैं. हमारे में ऐसा होता है."

"हमारे में नाके पे खोलते हैं, बीबी जी."

डबा ओढल्यामुळे तूस हललं आणि तारेचं टोक वर आलं. त्याने ते पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. त्याने हाक मारली. डबा रस्त्यावर ठेवायला लावला, आम्हाला पोत्यांमागे नेलं, मागच्या गाड्या थांबवल्या. स्कूटरवरचं एक कुटुंब उतरून घाईने मागे चालू लागलं. एक वयस्कर हवालदार आला, डब्याकडे लांबूनच पाहत म्हणाला, "जिसका है, वो खोले. एक जना."

आता मला जे सांगायचं आहे ते हे. डब्यात काय आहे हे मला पक्कं माहीत होतं. अर्ध्या तासापूर्वी मी स्वतःच्या हाताने त्या तोंडावर रुमाल बांधला होता. पण सगळी माणसं मागे सरत होती, आणि रिकाम्या रस्त्याच्या मधोमध तो डबा एकटा होता, आणि मी बघता बघता तो आमचा डबा राहिला नाही. फुलं घेताना डब्याकडे आपली पाठ होती, हे मला आठवलं. झाकणावरचा पोचा आधी होता का, हे आठवेना. मीही एक पाऊल मागे सरले.

"मैं खोलती हूं जी," तुमची आई म्हणाली आणि मी तिचा हात धरायच्या आत चालू लागली.

ती रस्त्यावर मांडी घालून बसली. रुमालाची गाठ सोडली, तो घडी करून गुडघ्यावर ठेवला. मग तार उलगडायला लागली. मला तिची पाठ आणि दोन वेण्या एवढंच दिसत होतं. मला ओरडून तिला परत बोलवायचं होतं आणि ओरडले तर तिचा हात हलेल असंही वाटत होतं. शेवटी तिने मूर्ती दोन्ही हातांनी वर उचलून आमच्याकडे वळवली. हवालदाराने हाताने इशारा केला. नंतर गाड्या सुरू झाल्या. तार ओढताना गणपतीचा डावा कान तुटला होता. दुल्हन म्हणणाऱ्या शिपायानेच तो तुसातून शोधला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. "चिपक जाएगा, बीबी जी."

घरी आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. "बास. उद्या साताऱ्याला फोन करतो. कॉलेजातली जागा भरायच्या आत तिला पोचवू."

"आज काही ठरवायचं नाही," मी म्हणाले.

"का? अजून काय व्हायचं राहिलंय?"

मी एवढंच म्हणाले की नाक्यावर सगळे मागे सरले म्हणून मीही सरले, आणि साताऱ्यात सगळे घाबरले म्हणून आपणही घाबरलो होतो. यातलं आपलं कोणतं, ते कळेपर्यंत थांबू या.

तुमची आई स्वयंपाकघरात तूस झाडत होती. मी तिला विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"मुझे तो पता था अंदर क्या है." ती घरीही हिंदीतच उत्तर द्यायची.

"मलाही माहीत होतं."

"फिर तू पीछे क्यों गई?"

तिने हे टोचायला विचारलं नव्हतं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी तिला मोदकांची पिठी चाळायला लावली.

भंगलेल्या मूर्तीची प्रतिष्ठापना करत नाहीत, आणि दुसरी मूर्ती मिळणार नव्हती. त्या वर्षी आम्ही तांदळावर सुपारी मांडून गणपती बसवला. आरतीला छावणीतली मैत्रीण आली तेव्हा तिला कानाचं सांगितलं. ती म्हणाली, "एवढी आणली रेल्वेतून, आणि तुम्ही एक नाका पार नाही केलात, वहिनी." मग दोघी खूप हसलो, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

विसर्जनानंतर आम्ही तुमच्या आईला समोर बसवून विचारलं, कुठे राहायचंय. हे आम्ही मे महिन्यापासून एकदाही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, इथेच. साताऱ्यात मामा रोज पेपर वाचणार आणि मग तिला आमची काळजी वाटत बसणार. इथे निदान आम्ही तिला दिसतो. आजोबांनी फोन केला. मामा पुढची दिवाळी येईपर्यंत माझ्याशी नीट बोलला नाही.

ती इथेच शिकली. तिला काही झालं नाही. म्हणून आमचा निर्णय बरोबर होता असं मी मानत नाही. याच शहरात, आमच्यासारखाच विचार करून थांबलेल्या काही घरांत माणसं परत आली नाहीत. मी पुढची सगळी वर्षं मोपेडच्या आवाजाकडे कान लावून डबे पुसत राहिले. फक्त एक करत गेले: मन घाबरलं की आधी स्वतःला विचारायचं, आत्ता मी कुठे बसले आहे आणि माझ्याभोवती कोण मागे सरतं आहे. उत्तर मिळाल्यावर भीती जात नाही. पण ती कुणाची आहे हे थोडं कळतं.

तेव्हा तुम्ही या, असं मी म्हणत नाही आणि येऊ नका असंही म्हणत नाही. बातम्या बंद करून एक दिवस थांबा, आणि मग तुमच्या आईला विचारा.

रीतीप्रमाणे ती मूर्ती पाण्यात सोडायला हवी होती. तुमच्या आईने सोडू दिली नाही. देव्हाऱ्यात ठेवता येत नाही म्हणून ती आजोबांच्या पुस्तकांच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर आहे. शेजारी रुमाल घडी करून ठेवला आहे. कान गोंदाने चिकटवला होता. तो अजून टिकून आहे.