बाळंतिणीच्या खोलीतली हवा

ताई बाळंतपणाला माहेरी आलीय. वारं लागू नये म्हणून आईनं तिच्या खोलीच्या खिडकीच्या फटींतसुद्धा चिंध्या कोंबल्यात. आज बाळाला न्हाऊ घातल्यावर आईनं शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकून धुरी धरली, तेवढ्यात कौलातल्या काचेतून ऊन आत आलं आणि त्या उजेडात मला धूर नीट दिसला. तो वर जातच नव्हता, बाळाच्या तोंडाशीच घुटमळत होता. बाळ शिंकलं, मग खोकलं.

मला नवल वाटलं. पाणी आपण गाळून पितो, तांदूळ निवडून घेतो, दूध नासलंय का ते वासावरून ओळखतो. पण दिवसभर जी आत ओढतो ती हवा कुणी पारखत नाही. घरातली आहे ना, मग ती चांगलीच! वैरी काय तो बाहेरचा वारा.

“आई, खिडकी उघडू?”

“झालं! घरात पहिली कॉलेज शिकलेली तू, आता बाळंतपणंही तूच कर. तुम्ही दोघी याच धुरीत वाढलात गं.”

शिकल्याचा मला अभिमान आहेच, त्यामुळं गप्प बसले नाही. “आणि चुलीपुढं बसून तुला खोकला जडलाय, तो?”

आईनं बाळाच्या घरघरणाऱ्या छातीला कान लावला. मग शेगडी उचलून अंगणात घेऊन गेली. ताईनं स्वतःच चिंध्या ओढून काढल्या.

आई बाहेर निखाऱ्यांवर तळवे धरायची, लगबगीनं आत येऊन ते बाळाच्या पोटावर ठेवायची आणि निवले की पुन्हा बाहेर जायची.