आबांची चिलीम आणि कामशेतचा रस्ता

लग्न होऊन मी वडिवळ्यात आले, त्याच साली भातझोडणीच्या दिवसांत हे घडलं. माझे सासरे, आबा, साठीच्या पुढचे. शर्यतीची खिल्लारी बैलजोडी आणि गांजाची चिलीम, यांत त्यांचा जीव. कामशेतच्या बाजाराला लोणावळ्याचे डॉक्टर येत. त्यांनी बजावलं होतं, काळीज थकलंय, चिलीम सोडा. आबांचं उत्तर ठरलेलं, "चिलमीनंच तर कळ दबती."

त्या दिवशी बाजार होता. नवरा रेल्वेच्या कामावर गेलेला. मी भाकरी घेऊन खळ्यावर गेले, तर आबा आणि त्यांचे जिवलग, शेजारचे भाऊ, चिलीम ओढून पेंढ्याला टेकले होते. आबा हसत काही सांगत होते. बोलता बोलता थांबले. चेहरा राखेसारखा झाला, कपाळावर घाम आला.

"लय धडधडतंय. छातीवर कुनी बसलंय जनू."

भाऊ उठले. "डाक्टर कामशेतात हाय, पर दुपारच्या गाडीनं जाईल. बैलं कोन हाकनार? माजं हात कापत्यात."

"मी हाकते," मी म्हणाले.

माहेरी पवनेच्या काठी वडलांची बैलगाडी मीच हाकायची. सासरी हे कुणाला ठाऊक नव्हतं. सासूबाई धावत आल्या. "आगं, गाव काय म्हनंल?"

"आत्याबाई, मागनं म्हनू दे."

गाडीत पेंढा टाकला, आबांना निजवलं. भाऊ त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. धक्के बसू नयेत म्हणून मी कासरा आवळून धरला होता. ओढा ओलांडला तसा मागून आबांचा बारीक आवाज आला, "वढू नगं. सैल सोड. त्यांना पळू दे."

मी सैल सोडला आणि गाडी वाऱ्यासारखी सुटली. पदर डोक्यावरून उडाला, वाटेवरची माणसं बाजूला झाली. भीती होतीच, तरी हातांत कासरा थरथरत होता तसा अंगात आनंदही उसळत होता.

कामशेत दिसलं तेव्हा सिग्नल पडलेला, तळेगावकडून इंजिनाचा धूर येत होता. गाडी स्टेशनाला भिडवून मी ओरडले, "डॉक्टरसाहेब, जाऊ नका."

ते बॅग घेऊन बाहेर धावले. औषधाची काचेची बारीक कुपी रुमालात फोडून त्यांनी आबांच्या नाकाला लावली. रेल्वेगाडी आली आणि निघूनही गेली, डॉक्टरांनी मान वळवली नाही. हळूहळू आबांच्या ओठांवर रंग परतला.

"काय ओढलंत?" डॉक्टरांनी विचारलं. भाऊंनी चिलीम पुढे केली.

"ही ओढली की काळीज या बैलांसारखं धावतं, आबा. बैल तरणे आहेत. काळीज नाही."

आबांनी लगेच सोडली असं नाही. शिमग्याला पुन्हा झुरका घेतला, पुन्हा तीच धडधड. या वेळी तेच घाबरले. चिलीम भाऊंच्या हातात दिली ती कायमची. भाऊंनीही मग आमच्या खळ्यावर ओढणं बंद केलं.

आबा पुढे बरीच वर्षं जगले. बाजाराच्या दिवशी स्वतः बैल जुंपायचे आणि कासरा माझ्याकडे द्यायचे. वाटेत कुणाची गाडी पुढे गेलेली त्यांना अजिबात खपत नसे.