स्वप्नाळूचं आयरिश

नाना गेल्यापासून श्यामलाबाईंना रडू म्हणून आलंच नव्हतं. शाळेत जन्मभर मराठी व्याकरण शिकवलेली बाई. तेराव्यालाही आल्यागेल्याला चहा विचारत राहिल्या. बायका कुजबुजल्या. ते त्यांच्या कानावर आलं, पण आत कुठे पोचलं नाही.

रविवारी दुपारी आयर्लंडहून नातीचा व्हिडिओ कॉल आला. यशश्री तिथल्या शाळेत आयरिश शिकायची.

"आजी, आमच्या बाई मला ब्रिंगलोद्याख म्हणाल्या! म्हणजे स्वप्नाळू."

"विशेषण नामाच्या आधी येतं की नंतर?" श्यामलाबाईंनी सवयीनं विचारलं.

"नंतर. आणि नाम स्त्रीलिंगी असलं की 'ब'चा 'व' होतो. स्वप्नाळू बाई असेल तर व्रिंगलोद्याख."

"मग तू मुलगी ना? तुला 'ब' कसा?"

"अगं, तिकडे 'मुलगी' हा शब्दच पुल्लिंगी आहे!"

एरवी हे त्यांनी स्वयंपाकघरातून ओरडून नानांना सांगितलं असतं. आता नुसतं "बरं" म्हणाल्या.

"नानाआजोबा पण तसेच होते ना?"

होतेच. अंबडच्या कंपनीत फिटर. बसच्या खिडकीतून बाहेर बघत बसायचे आणि आपला थांबा मागे टाकायचे. दूध उतू जायचं, हे शेजारीच उभे. त्यावरून श्यामलाबाई आयुष्यभर डाफरल्या होत्या.

"वाक्य करते हं," यशश्री म्हणाली. "ता शे ब्रिंगलोद्याख. तो स्वप्नाळू आहे." मग घुटमळली. "नाही... वी शे ब्रिंगलोद्याख. होता."

"विशेषण तेच राहिलं?"

"क्रियापदानंतर असं आलं की ते बदलतच नाही. कोणाबद्दलही बोल."

"पुन्हा म्हण."

श्यामलाबाईंनी तिच्यामागून म्हटलं. शेवटचा ख घशातून, खाकरल्यासारखा काढायचा होता. बऱ्याच वेळानं जमला. रडू तेव्हाही आलं नाही. घसा मात्र दुखत राहिला. त्या 'ख'मुळे असेल, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी शेजारच्या मंगलाबाई भाजी घेऊन आल्या. "कोणाशी बोलत होतात एवढं?"

"नातीशी. हे स्वप्नाळू होते म्हणत होती."

"होतेच हो! एकदा आपलं घर समजून आमच्याकडे शिरले. चपला काढल्या, चहा प्यायले, पेपर वाचला. मग म्हणतात कसे, पडदे कधी बदलले?"

श्यामलाबाईंना हे कुणीच सांगितलं नव्हतं.

"कधी?" त्यांनी विचारलं, आणि मंगलाबाईंकडे खुर्ची सरकवली.